पाठलागातून सुटलेला वैमानिक

पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात विल्फ्रिड मे या कॅनडियन वैमानिकाचे नाव बहुधा एकाच वाक्यात येते. जर्मनीचा नामांकित लढाऊ वैमानिक मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन, ज्याला त्याच्या तांबड्या विमानामुळे जग 'रेड बॅरन' म्हणून ओळखते, तो मारला गेला त्या घटकेस ज्या नवशिक्याच्या पाठीस लागला होता, तो हा मे. म्हणजे इतिहासाने त्याला जपून ठेवले ते सावज म्हणून. त्या दिवशी मे बावीस वर्षांचा होता. त्यानंतर तो चौतीस वर्षे जगला, आणि त्याचे खरे काम या चौतीस वर्षांतले आहे. त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही, म्हणून ते आज आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने विमानांच्या गोष्टी सांगाव्यात याचे कोणास नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले, आणि वाचनालयात हाताला लागेल ते वाचण्याची खोड लागते, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, विमान हे अखेर एक यंत्र आहे आणि ते चालवणारा हा हुन्नर शिकलेला कामगार आहे. त्याचा हुन्नर कोण विकत घेतो आणि कशासाठी राबवतो, हा प्रश्न आम्हांस गिरणीच्या फाटकावर जितका जवळचा वाटतो तितकाच येथेही वाटतो.

मेचा जन्म १८९६ सालचा, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातला. वाढला मात्र तो आल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहरात. घरातल्या एका चिमुरड्या चुलत बहिणीला 'विल्फ्रिड' म्हणता येईना, ती 'वॉप' म्हणे. आपल्याकडे बंड्या किंवा बाळ्या जसा साठीतही बंड्या-बाळ्याच राहतो, तसे हे वॉप नाव त्याला जन्मभर चिकटले. १९१६ मध्ये तो पायदळात भरती झाला व तेथून विमानदळात गेला. १९१८ च्या एप्रिलात फ्रान्समध्ये तो २०९ क्रमांकाच्या तुकडीत रुजू झाला, तेव्हा त्याचा तुकडीनायक निघाला रॉय ब्राऊन, एडमंटनच्या शाळेतला जुना सोबती.

२१ एप्रिल १९१८, रविवार. ब्राऊनने मेला बजावले होते की, लढाई जुंपली तर वर उंच राहा, पाहा, शिक, मध्ये पडू नकोस. मे काही वेळ वर राहिला. मग त्याला खाली एक जर्मन विमान आपल्यासारखेच लढाईच्या कडेकडेने फिरताना दिसले, आणि तरुण रक्ताला मोह आवरला नाही. तो त्यावर तुटून पडला. पण नवख्या हाताने बंदुकांचा घोडा दाबून धरला तो सोडलाच नाही. दोन्ही बंदुका अडकल्या. आता पळण्याखेरीज इलाज नव्हता. तो सोम नदीच्या खोऱ्यात अगदी जमिनीलगत शिरला, आणि मागे वळून पाहतो तो तांबडे विमान पाठीवर.

रिश्टहोफेनने तोवर ऐंशी विमाने पाडली होती. त्यांतली शेवटची दोन आदल्याच दिवशी. असा कसलेला शिकारी आणि पुढे हा पोर. मे वाचला कसा? पुढे तो स्वतःच सांगे की, आपले विमान आपण कोठे नेत आहोत हे आपल्यालाच ठाऊक नव्हते, मग मागच्याला ते कसे उमगावे! वरून ब्राऊन धावून आला व त्याने तांबड्या विमानावर गोळ्या झाडल्या. खाली ऑस्ट्रेलियन सैन्याचे तोफखाने व मशीनगनवाले होते, त्यांनीही मारा केला. एका गोळीने रिश्टहोफेनचा वेध घेतला आणि त्याचे विमान वो-सूर-सोम गावाजवळ उतरले, ते मृत सारथ्यासह.

श्रेय मिळाले ब्राऊनला. तो अधिकारी होता, विमानात होता, आणि विमानदळाला आपल्या माणसाचे नाव हवे होते. परंतु गोळी उजव्या काखेखालून शिरून छातीच्या डाव्या बाजूने बाहेर पडली होती, आणि तिची दिशा पाहता ती जमिनीवरून आलेली असावी असेच पुढील बहुतेक अभ्यासकांचे मत झाले. त्यांतले अनेक जण सार्जंट सेड्रिक पॉपकिन या ऑस्ट्रेलियन मशीनगनवाल्याकडे बोट दाखवतात. मातीत उभ्या असलेल्या माणसाचे नाव पुढे यायला कित्येक दशके जावी लागली. आम्हांस याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

मेने ज्या जर्मन विमानावर झडप घातली होती त्यात होता वुल्फ्राम फॉन रिश्टहोफेन, तांबड्या बॅरनचा चुलत भाऊ. तोही मेसारखाच नवखा, आणि त्यालाही त्या दिवशी 'लढाईत पडू नकोस' हीच ताकीद होती. दोघेही जिवंत सुटले आणि दोघांच्याही हातात तोच हुन्नर राहिला. वुल्फ्राम पुढे पुन्हा लष्करात शिरला. स्पेनच्या यादवी युद्धात हिटलरने फ्रँकोच्या मदतीस पाठवलेल्या 'कॉन्डॉर लिजन' या विमानपथकाचा तो प्रमुख कारभारी अधिकारी होता. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका या बास्क गावावर बाजाराच्या दिवशी बाँब टाकले गेले, ते त्याच्या आखणीने. पिकासोच्या चित्रामुळे ते गाव जगाला ठाऊक झाले. पुढे वॉर्सा, पुढे स्टालिनग्राड. १९४३ मध्ये तो फील्डमार्शल झाला आणि १९४५ च्या जुलैत अमेरिकनांच्या कैदेत मेंदूच्या विकाराने मेला.

येथे एक सज्जन आणि दुसरा दुर्जन अशी वाटणी करून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ती करीत नाही. मे काही युद्धविरोधी संत नव्हता. त्या एप्रिलनंतर युद्ध संपेपर्यंत त्याच्या नावावर तेरा विमाने लागली, त्याला शौर्यपदक मिळाले, आणि त्या तेरांतही कोणाचे तरी मुलगे होते. त्याच वर्षी जुलैत आपल्या कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय हा एकोणीस वर्षांचा तरुण त्याच इंग्रजी विमानदळातून लढताना, दहा विमाने खाली आणून, मारला गेला. आकाशातल्या त्या युद्धात कौशल्य व मरण यांचा हिशोब असाच होता. प्रश्न उरतो तो असा की, युद्ध संपल्यावर या हातांना दुसरे काम कोणी दिले काय?

सरकारने तर दिले नाही. १९१९ मध्ये हजारो वैमानिक घरी परतले, आणि ज्यांनी त्यांचे सत्कार केले त्यांच्यापाशी त्यांच्याजोगी नोकरी नव्हती. एडमंटन शहराला एक कर्टिस जातीचे, शिक्षणासाठी वापरलेले विमान भेट मिळाले होते. ते मेने व त्याच्या भावाने नगरपालिकेकडून महिना पंचवीस डॉलर भाड्याने घेतले, एक गायरान धरले, आणि धंदा मांडला. धंदा तरी कसला? जत्रेत कोलांट्या मारायच्या, पैसे घेऊन लोकांना गावावरून फिरवून आणायचे. बेसबॉलच्या हंगामाचा पहिला चेंडू महापौरांच्या हस्ते विमानातून मैदानात टाकवला, हाही त्यांतलाच एक खेळ. ज्याने रिश्टहोफेनला हुलकावणी दिली तो आता तिकिटे विकत होता. त्याच वर्षी पोलिसांनी एका खुन्याच्या शोधासाठी त्याला भाड्याने नेले. विमानातून गुन्हेगाराचा माग काढण्याचे कॅनडातले हे अगदी आरंभीचे उदाहरण.

मग १९२० मध्ये उत्तरेकडे मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात तेल लागले आणि तेलकंपनीला विमानांची आठवण झाली. तिने पत्र्याची दोन युंकर्स विमाने घेतली. मे व त्याचा भागीदार जॉर्ज गॉर्मन यांनी ती १९२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून एडमंटनला आणली. पुढच्या मोहिमेत मे नव्हता, तरी ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. फोर्ट सिम्पसन या ठाण्यापाशी उतरताना दोन्ही विमानांचे पंखे मोडले. जवळचे दुरुस्तीचे दुकान शेकडो मैलांवर! तेव्हा बिल हिल हा मेकॅनिक आणि वॉल्टर जॉन्सन हा तेथलाच सुतार यांनी घसरगाडीच्या ओकच्या फळ्या घेतल्या, मूस नावाच्या सांबराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने त्या एकावर एक चिकटवल्या, आणि मोडक्या पंख्याचा नमुना समोर ठेवून हाताने नवा पंखा कोरून काढला. तो विमानाला बसवला आणि विमान उडाले. त्या हातकामाचा एक पंखा ओटावाच्या विमानसंग्रहालयात ठेवलेला आहे. सुतारकाम आणि विमानविद्या यांमध्ये इंजिनिअर लोक जी भिंत बांधतात ती त्या थंडीत आपोआप कोसळली होती.

तेलाचा उत्साह ओसरला, मेच्या कंपनीचे दिवाळे वाजले. १९२४ मध्ये त्याचे लग्न झाले, आणि संसार चालवायचा म्हणून तो गल्ल्याची हिशोबयंत्रे करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागला. शिक्षणासाठी कंपनीने त्याला अमेरिकेत ओहायोमधील डेटन येथील कारखान्यात पाठवले. तेथे लेथवर काम करीत असता पोलादाची एक कपची उडून त्याच्या डोळ्यात गेली. ऐंशी विमाने पाडणाऱ्याच्या गोळ्यांना जे साधले नाही ते लेथच्या एका कपचीने केले. त्या डोळ्याची दृष्टी हळूहळू जात राहिली. पुढे कितीएक वर्षांनी तो डोळा काढावा लागला आणि वैमानिक म्हणून त्याचे उडणे संपले.

या ठिकाणी आम्ही जरा थांबतो, कारण हा आमच्या ओळखीचा प्रांत आहे. लेथवर डोळा गमावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. मेला अपघात झाला त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ मध्ये, हिंदुस्थानात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांची टक्केवारी लिहिलेली असे: दुसरा डोळा शाबूत असून एक डोळा गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी शेकडा चाळीस, डोळा जागेवर असून नजर तेवढी गेल्यास शेकडा तीस. आमच्या परिचयाच्या एका टर्नरची केस लढवताना ही ओळ आम्हांस इतक्यांदा वाचावी लागली की ती पाठ झाली. त्या टर्नरला सुईत दोरा ओवता येईना, जिन्याची पायरी किती खोल आहे ते कळेना; अंतर म्हणून जे असते ते त्याच्या जगातून नाहीसे झाले होते. कारखान्याचे म्हणणे, मनुष्य काम करू शकतो. आता हे ध्यानात ठेवून पुढची हकीकत ऐकावी. कारण मेने ज्या उड्डाणांनी नाव मिळवले ती सारी या अपघातानंतरची आहेत. विमान उतरवणे म्हणजे जमीन किती खाली आहे याचा डोळ्याने घेतलेला अंदाज, आणि मेला तो अंदाज दुखावलेल्या नजरेने घ्यावा लागे.

१९२८ च्या डिसेंबरात आल्बर्टाच्या उत्तर टोकाला, पीस नदीच्या काठी, लिट्ल रेड रिव्हर नावाच्या ठाण्यावर हडसन्स बे कंपनीचा बर्ट लोगन हा माणूस घटसर्पाने आजारी पडला. घटसर्प म्हणजे काय ते आपल्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. घशात पडदा धरतो आणि मूल डोळ्यांदेखत गुदमरते. फोर्ट व्हर्मिलियनचे डॉक्टर हॅमन यांनी रोग ओळखला, पण त्यांच्यापाशी प्रतिविष पुरेसे नव्हते, आणि आसपासच्या वस्त्यांत साथ पसरण्याची भीती होती. तारेची सोय होती ती शेकडो मैलांवर पीस रिव्हर गावात. डॉक्टरांचा निरोप घेऊन लाफ्लर आणि लॅम्बर्ट हे दोघे बर्फातून निघाले. त्यांना पोचायला जवळजवळ दोन आठवडे लागले. १ जानेवारी १९२९ रोजी तार एडमंटनला गेली.

प्रांताचे आरोग्याधिकारी डॉ. बो यांनी मेला विचारले. मेने होकार दिला. त्याच्यापाशी होते ते एव्हियन जातीचे हलके विमान, वर छत नाही, दोन उघड्या बैठका, खाली चाके. बर्फावर घसरायच्या पट्ट्या नाहीत. सोबतीस व्हिक हॉर्नर हा दुसरा वैमानिक. औषध गोठले तर निकामी होणार, म्हणून ते कांबळ्यांत गुंडाळले आणि शेजारी कोळशाची छोटी शेगडी ठेवली. हे पुन्हा वाचावे: लाकूड-कापडाचे विमान, पेट्रोलची टाकी, आणि पोटात पेटती शेगडी. २ जानेवारीस ते निघाले. पारा शून्याखाली तीस अंश व त्याहूनही खाली, आणि उघड्या बैठकीत वर वाऱ्याचा मारा. अंधार पडल्यावर मॅक्लेनन येथे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पीस रिव्हरला पेट्रोल घेतले, आणि ३ जानेवारीच्या दुपारी फोर्ट व्हर्मिलियनला औषध डॉक्टरांच्या हाती दिले. लोगन तोपर्यंत दगावला होता. परंतु बाकीच्यांस प्रतिविष टोचता आले आणि साथ पसरली नाही.

वर्तमानपत्रे व रेडिओ यांनी ही मोहीम घरोघर पोचवली होती. ६ जानेवारीस दोघे परतले तेव्हा एडमंटनच्या विमानतळावर हजारो लोक थंडीत उभे होते. दोघांनी दोन दिवसांत जे अंतर तोडले त्यातला मोठा भाग लाफ्लर आणि लॅम्बर्ट यांनी दोन आठवडे बर्फ तुडवून काटला होता. त्यांच्या मिरवणुका निघाल्या नाहीत. आणि त्यांनी वाट काटली नसती तर मेला जायचे कोठे हेही कळले नसते.

तिकडे अशा वैमानिकास 'बुश पायलट' म्हणतात. आम्ही त्याला रानवैमानिक म्हणू. जेथे विमानतळ नाही, रस्ता नाही, नकाशा अपुरा, तेथे गोठलेल्या नदीवर किंवा तळ्यावर विमान उतरवायचे. हिवाळ्यात चाकांऐवजी स्की, उन्हाळ्यात पाण्यावर तरंगणारे पडाव. सामान काय? पीठ, डायनामाइट, कुत्री, पाद्री, बाळंतीण, प्रेत. स्वच्छ पांढऱ्या बर्फावर ढगाळ उजेडात जमीन कोठे सुरू होते हे धड डोळ्यांनाही दिसत नाही, म्हणून वरून स्प्रूस झाडाच्या फांद्या टाकायच्या आणि त्या काळ्या ठिपक्यांच्या आधाराने उतरायचे.

आणि या कामाचा निम्मा भार मेकॅनिकच्या खांद्यावर असे, ही गोष्ट चरित्रकार घाईत सांगतात. संध्याकाळी विमान उतरले की वैमानिक शेकोटीकडे जाई. मेकॅनिक इंजिनातले ऑइल गरम आहे तोवर डब्यात काढून घेई, नाहीतर सकाळपर्यंत ते डांबरासारखे घट्ट होणार. स्की रात्रीत बर्फाला चिकटू नयेत म्हणून त्यांखाली ओंडके सारायचे. पहाटे इंजिनावर जाड कॅनव्हासची झूल टाकायची, तिच्या आत शिरून ब्लो-लॅम्पने इंजिन शेकायचे, एक दोन तास, कॅनव्हास पेटणार नाही अशा बेताने. तिकडे ऑइलचा डबा चुलीवर. इंजिन आणि ऑइल दोन्ही तापली की पटकन ऑइल ओतायचे आणि पंखा फिरवायचा. बोल्टला उघडा हात लागला तर कातडे तेथेच राही. ही पाळी रोजची. आमच्या मते विमानाचे खरे उड्डाण त्या कॅनव्हासच्या आतच होत असे.

त्याच १९२९ च्या डिसेंबरात मेच्या कमर्शियल एअरवेज या कंपनीने आर्क्टिकची हवाई टपाल सुरू केली. फोर्ट मॅकमरेहून मॅकेन्झी नदीच्या काठाकाठाने अक्लाविकपर्यंत अडीच हजारांहून अधिक किलोमीटर. पहिल्या खेपेला टनावारी टपाल होते, कारण साऱ्या जगातल्या तिकीटसंग्राहकांनी पहिल्या दिवसाच्या शिक्क्यासाठी पाकिटे पाठवली होती. उत्तरेच्या लोकांच्या स्वतःच्या पत्रांपेक्षा या हौशी पाकिटांचेच ओझे अधिक! हवाई टपालाचा मान तसा आपल्या देशाचा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजार पत्रे नेली. आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मोकळ्या मैदानावर उतरले; तेथून पुढे बल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल नेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. हे व्हिन्सेंटही इंग्रजी विमानदळातून आलेले.

याच १९३२ साली मेच्या हातून असे एक काम झाले की त्याविषयी आमचे मन आजही एकाच बाजूस झुकत नाही. रॅट नदीकाठी आल्बर्ट जॉन्सन नावाने राहणारा एक एकटा फरशिकारी होता. तो आपले सापळे बिघडवतो अशी तेथल्या मूळ रहिवाशांची तक्रार आली. विचारपूस करायला पोलीस गेले; तो बोलेना. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दारातून गोळी आली व कॉन्स्टेबल किंग जखमी झाला. मग वेढा, डायनामाइट, आणि झोपडी उद्ध्वस्त होऊनही तो जिवंत. पुढे पाच आठवडे तो बर्फात पायी पळत राहिला. वाटेत ३० जानेवारीस त्याने कॉन्स्टेबल मिलनला ठार केले. तेव्हा पोलिसांनी मेला बोलावले. मे व त्याचा मेकॅनिक जॅक बोवेन बेलांका विमान घेऊन अक्लाविकला आले. जॉन्सन कॅरिबू हरणांच्या कळपाच्या पायवाटेतून चाले, म्हणजे आपला माग त्यात मिसळून जावा. जमिनीवरच्या माणसाला ही युक्ती उमगणे अवघड. वरून पाहणाऱ्याला कळपातून एकटा फुटलेला माग दिसला. १७ फेब्रुवारीस ईगल नदीच्या बर्फावर त्याला गाठून मारले. त्या चकमकीत सार्जंट हर्सी जबर जखमी झाला. मेने तेथेच नदीवर उतरून त्याला अक्लाविकच्या डॉक्टरांकडे नेले आणि तो वाचला.

जॉन्सनच्या अंगावर दोन हजारांहून अधिक डॉलर सापडले. त्याचे खरे नाव कोणालाच कळले नाही, आणि साऱ्या पाठलागात त्याच्या तोंडचा एक शब्दही पोलिसांनी ऐकला नाही. त्याने एकाचा जीव घेतला होता, दोघांना घायाळ केले होते. त्याची बाजू घेणे आम्हांस जमणार नाही. पण ज्याच्यामागे खुद्द चौदा वर्षांपूर्वी आकाशातून पाठलाग लागला होता, तोच आता वरून एका पळणाऱ्याचा माग काढीत होता, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. मेने त्या पळणाऱ्याच्या चिकाटीची वाखाणणी केल्याचे सांगतात. हर्सीला घेऊन तो जे उडाला ते मात्र निःसंशय त्याचे आपले काम होते.

रानविमानांनी उत्तरेला औषध दिले, टपाल दिले. तशीच खाणवाल्यांनाही वाट दिली. १९३० मध्ये ग्रेट बेअर तळ्याकाठी गिल्बर्ट लाबाइनला पिचब्लेंड सापडले. आधी त्यातून रेडियम काढले, पुढे दुसऱ्या महायुद्धात युरेनियम, आणि ते अमेरिकेच्या अणुबाँबच्या कारखान्यात गेले. त्या खनिजाची पोती पाठीवरून वाहण्याचे काम तेथल्या सातू डेने लोकांनी केले. त्यात काय आहे आणि ते अंगाला काय करील हे त्यांना कोणी सांगितले नाही. १९९८ मध्ये त्यांच्या देलिने गावची माणसे हिरोशिमाला जाऊन तेथल्या लोकांना भेटून आली. यात मेचा काही दोष आम्ही धरीत नाही. वाट पाडणाऱ्याच्या हाती वाटेवरची रहदारी नसते, एवढेच.

मंदीने रानवैमानिकांनाही सोडले नाही. १९३१ मध्ये मेची कंपनी विनिपेगच्या जेम्स रिचर्डसन यांच्या कॅनडियन एअरवेजने गिळली. पुढल्या वर्षी सरकारने काटकसर म्हणून दक्षिणेकडची हवाई टपाल बंद केली. १९४२ मध्ये कॅनडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने अशा दहा छोट्या कंपन्या एकत्र करून एक मोठी केली. मे मालकाचा नोकर झाला आणि नोकरीतच राहिला. त्याने कधी संघटना बांधली असे आमच्या वाचनात नाही. तो त्या वृत्तीचा नव्हताच. आपण भले आणि आपले विमान भले. ही रानवैमानिकांची एकलकोंडी ऐट कंपन्यांच्या फार सोयीची होती.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा मे उडू शकत नव्हता. एडमंटनला वैमानिकांचे सोबती, म्हणजे दिशा व नकाशा पाहणारे, तयार करणारी एक शाळा निघाली, तिचा कारभार त्याच्याकडे आला. तेथून अलास्काकडे व पुढे रशियाकडे विमानांची रांग लागलेली असे आणि त्यांतली काही रानात कोसळत. वरून कोसळलेली माणसे दिसत, हातही हलवीत, पण जवळ उतरायला जागा नसे, आणि पायी पोचेपर्यंत ती थंडीने मरत. मेने आपल्या शाळेतल्या कामगारांना विचारले: छत्री घेऊन उडी मारायला कोण तयार आहे? मुलकी नोकरच ते. तरी पुढे आले. काहींना त्याने अमेरिकेत मोंटाना राज्यात मिझूला येथे पाठवले, जेथे जंगलाचा वणवा विझवणारे लोक छत्रीने उडी घ्यायला शिकत. ते परत येऊन इतरांना शिकवू लागले. जखमी माणसापाशी औषधाची पेटी घेऊन आकाशातून उतरणारी ही टोळी म्हणजेच कॅनडाच्या हवाई बचावदळाचा आरंभ. याबद्दल अमेरिकेने १९४७ मध्ये मेला पदक दिले. त्याच्या सगळ्या पदकांत आम्ही या पदकाला वर ठेवतो, कारण यात त्याचा स्वतःचा पराक्रम सर्वांत कमी होता.

२१ जून १९५२ रोजी, अमेरिकेतल्या युटा राज्यात मुलाबरोबर डोंगर चढत असता, त्याचा अंत झाला. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. १९१९ मध्ये ज्या गायरानातून तो उडे, त्याचे नाव त्याच्या आडनावावरून मेफील्ड पडले होते. आज एडमंटनमध्ये त्या नावाची वस्ती आहे. उत्तरेकडच्या एका नदीला वॉपमे नाव आहे. २००४ मध्ये मंगळावर फिरणाऱ्या 'ऑपॉर्च्युनिटी' या यंत्रगाडीला एन्ड्युरन्स नावाच्या विवराच्या उतारावर एक खडबडीत दगड आढळला. शास्त्रज्ञांनी त्यालाही वॉपमे हेच नाव दिले, आणि त्या गाडीने त्याची छायाचित्रे पृथ्वीवर पाठवली.